बीटीसीपे सर्व्हर : एका दुकानाला महाग, दहा दुकानांत परवडणारा

सोलापुरातून चादरी, टॉवेल, नॅपकिन किंवा शेंगा चटणी ऑनलाइन विकणाऱ्या दुकानाला बाहेरगावचा एखादा ग्राहक कधी तरी विचारतोच, ‘बिटकॉइन घेता का?’ घ्यायचंच ठरवलं, तर बीटीसीपे सर्व्हरइतकं चांगलं सॉफ्टवेअर दुसरं नाही. मात्र एकट्या छोट्या दुकानानं ते स्वतःसाठी उभं करू नये. दहा दुकानांनी मिळून एक सर्व्हर चालवला तरच गणित जमतं. असं का, ते खाली आकड्यांनिशी मांडलं आहे.

आधी हे आहे काय ते पाहू. निकोलस डोरिए या प्रोग्रामरनं २०१७ साली हे मुक्त सॉफ्टवेअर सुरू केलं. मध्ये कंपनी नाही, कमिशन नाही, केवायसी नाही. ग्राहकानं पाठवलेलं बिटकॉइन थेट दुकानदाराच्या वॉलेटमध्ये येतं. सर्व्हर फक्त पैसे पाठवायचा पत्ता देतो, पैसे आले का यावर नजर ठेवतो आणि दुकानाच्या वेबसाइटला कळवतो. कॉइन दुसऱ्याच्या ताब्यात ठेवल्यावर काय होऊ शकतं ते जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या कॉइन खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजवरून २३ कोटी डॉलरहून जास्त मालमत्ता चोरीला गेली तेव्हा देशभरातल्या खातेदारांनी पाहिलं. इथे तो धोका मुळातच नाही. उलट बाजूही लगेच सांगतो: हे सॉफ्टवेअर रुपये करून देत नाही. बिटकॉइन आलं, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

सर्व्हरला, म्हणजे सतत चालू राहणाऱ्या भाड्याच्या कॉम्प्युटरला, किमान २ जीबी रॅम आणि ८० जीबी डिस्क लागते. बिटकॉइनची पूर्ण साखळी, म्हणजे आजवरच्या सगळ्या व्यवहारांची ब्लॉकमध्ये बांधलेली नोंदवही, ६०० जीबीच्या पुढे गेली आहे, म्हणून छोट्या सर्व्हरवर प्रूनिंग चालू ठेवावंच लागतं. ५० जीबीचा पर्याय निवडला की साधारण सहा महिन्यांचे ब्लॉक डिस्कवर राहतात, बाकीचे तपासून टाकून दिले जातात. इथेच पहिला घोटाळा होतो. डिस्कवर ५० जीबी राहणार म्हणून लोक डेटाची मर्यादा असलेला स्वस्त प्लॅन घेतात. पण प्रूनिंग असलं तरी साखळी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा डाउनलोड करून तपासावी लागते. म्हणजे पहिल्याच फेरीत ६०० जीबीहून जास्त डेटा जातो आणि २ जीबी रॅमच्या मशिनला त्यासाठी कित्येक दिवस लागू शकतात. महिन्याला किमान १ टीबी डेटा मिळत असेल असाच प्लॅन घ्या. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर हे चालवायचा मोह टाळा. उन्हाळ्यात वीज गेली की नोड (साखळी तपासणारा हा कॉम्प्युटर) बंद, आणि नोड बंद म्हणजे चेकआउट बंद.

बसवणं अवघड नाही. दुकानाच्या डोमेनला ‘पे’ नावाचं सबडोमेन काढून ते सर्व्हरच्या आयपीकडे वळवायचं, सर्व्हरच्या उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमवर बीटीसीपेची डॉकर स्क्रिप्ट, म्हणजे सगळं एकदम बसवणारी तयार आज्ञावली, चालवायची. सुरक्षित वेबसाइटचं एसएसएल प्रमाणपत्र ती स्वतःच घेते. डीएनएस, म्हणजे कुठलं नाव कुठल्या आयपीला जातं ती नोंद, बदलून पसरायच्या आत स्क्रिप्ट चालवली तर प्रमाणपत्र मिळत नाही आणि ब्राउझर धोक्याची सूचना दाखवतो. सबडोमेन बरोबर आयपीवर जातंय हे पाहूनच पुढे जा.

वॉलेट जोडताना घाई नको. सॉफ्टवेअर ‘हॉट वॉलेट’ बनवून देऊ का असं विचारतं. नाही म्हणा. हॉट वॉलेटमध्ये कॉइन खर्च करायची खासगी किल्ली सर्व्हरवर राहते. सर्व्हर फुटला की कॉइन गेले. त्याऐवजी हार्डवेअर वॉलेटमधली (किल्ली इंटरनेटपासून दूर ठेवणाऱ्या छोट्या उपकरणातली) एक्सपब, म्हणजे विस्तारित सार्वजनिक किल्ली, तिथे द्या. तिच्यावरून प्रत्येक बिलाला नवा पत्ता तयार होतो, पण खर्च करता येत नाही. जोडल्यावर बीटीसीपे पहिले काही पत्ते दाखवतं. ते वॉलेटच्या पडद्यावरच्या पत्त्यांशी अक्षर न् अक्षर जुळतात का बघा. पत्त्याचा प्रकार चुकीचा निवडला गेला असेल तर ते इथेच उघडं पडतं. आणि हेही ध्यानात असू द्या: सर्व्हरमध्ये शिरलेला माणूस कॉइन हलवू शकत नसला तरी सेटिंगमधली एक्सपब बदलून पुढची सगळी कमाई स्वतःकडे वळवू शकतो. म्हणून टू-फॅक्टर लॉगिन चालू ठेवा आणि अधूनमधून एखाद्या बिलाचा पत्ता वॉलेटमध्ये पडताळून पाहा. वॉलेटचे १२ किंवा २४ शब्द कागदावर लिहून ठेवा, त्यांचा मोबाइलनं फोटो काढू नका. फोटो आपोआप क्लाउडवर जातो.

आता चेकआउट. ग्राहकानं १,२०० रुपयांची जेकार्ड चादर घेतली. बीटीसीपे त्या क्षणीच्या दरानं बिटकॉइनचा आकडा काढतं, क्यूआर दाखवतं आणि १५ मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्या वेळापुरता दर बांधलेला. पैसे दिसले की बिल ‘प्रोसेसिंग’ होतं, ब्लॉकमध्ये नोंद झाली की ‘सेटल्ड’. ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो, पण सरासरीच. कधी दोन मिनिटांत, कधी पाऊण तासानं. ‘प्रोसेसिंग’ दिसताच पार्सल कुरिअरला देऊ नका. नोंद होईपर्यंत पाठवणारा जास्त फी लावून तोच व्यवहार स्वतःकडे परत वळवू शकतो. चादर-टॉवेलच्या ऑर्डरला एक कन्फर्मेशन (ब्लॉकमधली पहिली नोंद) पुरे, घाऊक गठ्ठ्याला सहा (त्यावर आणखी पाच ब्लॉक) ठेवा.

सगळ्यात जास्त तक्रारी कमी रकमेच्या येतात. वॉलेटनं क्यूआर स्कॅन केला तर पत्ता आणि रक्कम दोन्ही आपोआप भरतात. पण ग्राहकाचे कॉइन एक्स्चेंजवर असतात. तो हातानं रक्कम टाकतो आणि एक्स्चेंज आपली फी त्यातूनच कापून उरलेलं पाठवतं. बिल अर्धवट भरलं जातं आणि १५ मिनिटांनी मुदत संपते. स्टोअर सेटिंगमध्ये ‘पेमेंट टॉलरन्स’ आहे, त्यात एक-दोन टक्के सूट ठेवता येते. छोट्या ऑर्डरला ती पुरत नाही, कारण एक्स्चेंजची फी ठरावीक असते आणि १,२०० रुपयांत ती दोन टक्क्यांच्या बरीच वर जाऊ शकते. शिवाय ग्राहकानं उरलेली रक्कम दुसऱ्यांदा पाठवायला घेतली की सॉफ्टवेअर त्यात थोडा नेटवर्क खर्च मिळवतं. ती मूळ सेटिंगच तशी आहे. आकडा वाढलेला पाहून ग्राहकाला फसवणूक वाटते. चेकआउटच्या पानावर मराठीत दोन ओळी लिहा: ‘एक्स्चेंजवरून पाठवत असाल तर फी वेगळी धरा. पोहोचणारी रक्कम पूर्ण असली पाहिजे.’ अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

मुदत संपल्यावर पैसे आले तर ते हरवत नाहीत. सर्व्हर मूळ सेटिंगनुसार आणखी एक दिवस लक्ष ठेवतो आणि ‘उशिरा भरले’ अशी नोंद करतो. ऑर्डर मात्र आपोआप पुढे सरकत नाही, ती हातानं सरकवावी लागते.

आणखी एक अडचण नीट समजून घ्यावी, कारण तिच्यामुळे दुकानदाराला पैसे बुडाले असं वाटून धडकी भरते. बीटीसीपेत बिल ‘सेटल्ड’ दिसतं आणि वॉलेट उघडलं तर शिल्लक शून्य. कारण असं: बहुतेक वॉलेट ओळीनं २० पत्ते रिकामे दिसले की पुढे शोधणं थांबवतात. याला गॅप लिमिट म्हणतात. दुकानात बिटकॉइनचा पर्याय निवडून, क्यूआर बघून निघून जाणारे बरेच असतात आणि प्रत्येकासाठी एक पत्ता खर्ची पडतो. २० जण तसेच गेले आणि २१व्यानं खरोखर पैसे भरले, तर वॉलेट तिथवर पोचतच नाही. पैसे सुरक्षित असतात, दिसत नाहीत इतकंच. स्पॅरो या वॉलेट सॉफ्टवेअरच्या प्रगत सेटिंगमध्ये गॅप लिमिट १०० किंवा २०० करा, वॉलेट पुन्हा स्कॅन करा, शिल्लक दिसते. दुकान सुरू करतानाच हे करून ठेवावं.

वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वूकॉमर्सला बीटीसीपे जोडणारा प्लगइन चांगला आहे. एपीआय की (बीटीसीपेतून मिळणारी जोडणीची किल्ली) देऊन जोडला की वेबहुक, म्हणजे पैसे आल्याचे निरोप वेबसाइटला पोचवणारी सोय, स्वतः बसवतो. ‘प्रोसेसिंग’ला ऑर्डर होल्डवर, ‘सेटल्ड’ला पॅकिंगसाठी तयार, अशी जोडणी आधीच केलेली असते. बिघडतं ते सुरक्षेच्या प्लगइनमुळे. वेबसाइटवर फायरवॉल असेल तर ती बीटीसीपेकडून येणारे निरोप अनोळखी समजून अडवते. मग पैसे आलेले असतात, ऑर्डर मात्र ‘पेमेंट बाकी’ आणि वूकॉमर्सच्या नेहमीच्या सेटिंगनुसार ६० मिनिटांनी रद्द. बीटीसीपेच्या वेबहुक पानावर न पोचलेले निरोप दिसतात आणि तिथूनच पुन्हा पाठवता येतात. फायरवॉलमध्ये सर्व्हरचा आयपी मोकळा करून घ्या.

आता खर्चाकडे येऊ. ‘शून्य फी’ हे बीटीसीपेचं ब्रीद खरं आहे, पण दुकानदाराचा खर्च शून्य नाही. वरच्या मापाचा सर्व्हर महिन्याला हजार रुपयांच्या आसपास पडतो, वर्षाला १२,००० धरू. एक टक्का कमिशन घेणाऱ्या तयार सेवेशी तुलना केली तर महिन्याला लाखभर रुपयांची विक्री बिटकॉइनमध्ये झाली तरच बरोबरी होते. सोलापुरातल्या कुठल्या छोट्या दुकानात ती होणार? शिवाय समोर यूपीआय उभं आहे. जानेवारी २०२० पासून त्यावर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं कमिशन, नाही.

दुसरा खर्च वॉलेटमध्ये साठत जातो आणि आधी दिसत नाही. ग्राहकाचं प्रत्येक पेमेंट हे वॉलेटमध्ये वेगळं नाणं असतं. ते विकायला एकत्र पाठवताना प्रत्येक नाण्यामागे सुमारे ६८ व्हीबाइट (ब्लॉकमधली जागा मोजायचं माप) जागेची फी लागते. समजा ७०० रुपयांची ३० पेमेंट जमली, म्हणजे २१,००० रुपये. ती एकदम पाठवायला अंदाजे २,०८० व्हीबाइट. फीचा दर व्हीबाइटला १० सातोशी असेल तर २०,८०० सातोशी. एका बिटकॉइनमध्ये १० कोटी सातोशी; बिटकॉइन ८० लाख रुपये धरलं तर ही फी १,६६४ रुपये होते, जवळजवळ आठ टक्के. दर २ सातोशी असताना तीच ३३३ रुपये. म्हणून छोटी नाणी फी उतरलेली असतानाच एकत्र करा. २० एप्रिल २०२४ ला हाविंगच्या (नव्या बिटकॉइनची निर्मिती निम्म्यावर येण्याच्या) दिवशी फी अशी भडकली होती की त्या वेळी अशी नाणी हलवणं म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त फी भरणं झालं असतं. ५०० रुपयांखालच्या ऑर्डरला बिटकॉइनचा पर्याय दाखवूच नका, ही आमची स्पष्ट शिफारस. शेंगा चटणीची दोन पाकिटं यूपीआयनंच घ्यावीत.

छोट्या रकमांसाठी लाइटनिंग, म्हणजे बिटकॉइनवर बांधलेलं झटपट पेमेंटचं जाळं, आहे आणि तिथे पैसे सेकंदात येतात. पण पैसे स्वीकारायला चॅनेलच्या (दोन नोडमधल्या पैशांच्या जोडणीच्या) समोरच्या बाजूला क्षमता असावी लागते, ती विकत घ्यावी लागते, आणि जुन्या बॅकअपवरून चॅनेल चुकीचं उभं केलं तर त्यातली सगळी रक्कम दंडात जाऊ शकते. ज्याच्याकडे यात मुरलेला माणूस नाही त्यानं हात घालू नये.

भारतातला ग्राहक खरंच पैसे पाठवू शकतो का, हाही प्रश्न आहे. काही भारतीय एक्स्चेंजवरून कॉइन बाहेरच्या वॉलेटला पाठवताच येत नाहीत, काही ठिकाणी वेगळी पडताळणी लागते. तरुण मुलांकडे बहुधा ट्रॉन नेटवर्कवरचं यूएसडीटी, म्हणजे डॉलरशी किंमत बांधलेलं कॉइन, असतं. बीटीसीपे मुळात बिटकॉइनसाठी आहे. यूएसडीटी प्लगइननं जमतं, पण ग्राहकानं नेटवर्क चुकवलं की रक्कम शोधणं हा वेगळा उद्योग होऊन बसतो. बिटकॉइन एवढंच ठेवा.

कायद्याचं प्रकरण जास्त जड आहे. क्रिप्टोवर बंदी नाही. रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० ला रद्द केलं. पण ते चलनही नाही. जीएसटी कायद्यातल्या ‘पैसा’ या व्याख्येत ते बसत नाही, त्यामुळे बिल नेहमीच्या रुपयांतल्या किमतीनं करायचं आणि कर त्याच किमतीवर भरायचा. बिटकॉइन वर गेलं की खाली, याचा जीएसटीशी संबंध नाही.

प्राप्तिकरात १ एप्रिल २०२२ पासून बिटकॉइनसारख्या आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस. तो ग्राहकालाही लागतो. ज्याचं बिटकॉइन ७०० रुपयांना घेतलेलं होतं त्यानं ते देऊन १,२०० ची चादर घेतली, तर ५०० रुपये नफा धरून त्याच्याकडे १५६ रुपये कर निघतो. तुमच्याकडे ते बिटकॉइन १,२०० रुपयांना आलं अशी नोंद करा. पुढे १,५०० ला विकलं तर ३०० वर ९३ रुपये ६० पैसे कर. ९०० ला विकावं लागलं तर ३०० चा तोटा दुकानाच्या नफ्यातून वजा होत नाही, दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातूनही नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. म्हणून आलेलं बिटकॉइन ‘वाढेल’ म्हणून धरून ठेवणं हा दुकानदारीचा भाग समजू नका.

याहून महत्त्वाचा एक टक्का टीडीएस. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या १९४एस कलमाप्रमाणे, आभासी मालमत्तेच्या बदल्यात मोबदला देणाऱ्यानं टीडीएस बघायचा. चादर देऊन बिटकॉइन घेणारा दुकानदार हाच इथे मोबदला देणारा ठरतो. मोबदला वस्तूच्या रूपात आहे, म्हणून माल सोडण्याआधी कर भरला गेल्याची खात्रीही त्यानंच करायची. नवीन प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेच. यातून सुटका मर्यादेखाली राहून: आधल्या वर्षी एक कोटीच्या आत विक्री असलेल्या एकट्या मालकाला किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाला वर्षाला ५०,००० रुपये, इतरांना १०,०००. भागीदारीत चालणाऱ्या दुकानांनी हा १०,००० चा आकडा लक्षात ठेवावा, आपल्याकडे तशी दुकानं पुष्कळ आहेत. मर्यादा ओलांडली की प्रत्येक ग्राहकाचा पॅन मागत बसा.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. मर्यादेत राहायचं तर वर्षाची बिटकॉइनमधली विक्री ५०,००० आणि सर्व्हरचा खर्च १२,०००. म्हणजे २४ टक्के! कुठल्याच दुकानाला हे परवडणार नाही. पण बीटीसीपेच्या एका सर्व्हरवर अनेक दुकानं चालतात. प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, वेगळं स्टोअर, वेगळी एक्सपब. चाटी गल्लीतली चार, नवी पेठेतली तीन आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतली तीन, अशी दहा दुकानं एकत्र आली तर प्रत्येकी वर्षाला १,२०० रुपये. यातल्या बऱ्याच दुकानांच्या वेबसाइट एकाच वेब डिझायनरनं केलेल्या असतात. सर्व्हर सांभाळायचं काम त्यालाच द्यावं. दोन अटी पाळा. सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे कुणाचीही खासगी किल्ली नसावी, म्हणजे सामायिक सर्व्हरवर हॉट वॉलेट आणि सामायिक लाइटनिंग नोड दोन्ही बंद. दुसऱ्यांचे कॉइन ताब्यात ठेवून सेवा देणारा ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेनं मनी लाँडरिंग कायद्याखाली येतो, मग एफआययूची, म्हणजे केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाची, नोंदणी आली. आणि अ‍ॅडमिनला सगळ्या दुकानांची उलाढाल दिसते, हे मान्य असेल त्यानंच सामील व्हावं. स्पर्धक शेजाऱ्याला अ‍ॅडमिन करू नये.

रुपये करताना पी-टू-पी व्यवहार, म्हणजे अनोळखी माणसाला थेट कॉइन विकणं, कटाक्षानं टाळा. समोरचा माणूस जे रुपये पाठवतो ते फसवणुकीतले निघाले आणि कुणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, तर त्या पैशाच्या मागावर असलेले पोलीस तुमचं खातं गोठवतात. सुताचे पैसे आणि यंत्रमागावरच्या कामगारांची आठवड्याची मजुरी ज्या चालू खात्यातून जाते तेच गोठलं तर दुकानच बंद पडेल. एफआययूकडे नोंदलेल्या एक्स्चेंजवरच विका आणि त्यासाठी खातं वेगळं ठेवा.

परदेशी ऑर्डरचं काय? सोलापुरी टेरी टॉवेल बाहेर जातो आणि बिटकॉइन तिथेच उपयोगी पडेल असं पटकन वाटतं. तसं करू नका. निर्यातीचे पैसे फेमाप्रमाणे, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे, अधिकृत बँकेतून यावे लागतात. बिटकॉइन आलं तर बँकेकडून वसुलीचा दाखला मिळत नाही, आणि घेतलेला जीएसटी परतावा जीएसटी नियम ९६बी प्रमाणे व्याजासह परत भरायची वेळ येऊ शकते. परदेशी ग्राहकाकडून कार्ड किंवा बँक ट्रान्सफर घ्या, दोन-चार टक्के गेले तरी चालतील.

परताव्याचा नियम आधीच लिहून ठेवा. चादरीचा रंग पसंत पडला नाही, पार्सल परत आलं, दरम्यान बिटकॉइन दहा टक्के हललं, तर भांडण ठरलेलं. बीटीसीपे परताव्याची लिंक देतं आणि त्यात घेतलेल्या वेळचा दर की आजचा, हे निवडता येतं. देशातल्या ग्राहकाला मात्र बिलावरची रुपयांची रक्कम यूपीआयनं परत करणं सरळ. कॉइनमध्येच द्यायचं झालं तर ज्या पत्त्यावरून पैसे आले त्यावर कधीही परत पाठवू नका. तो पत्ता बहुतेक वेळा एक्स्चेंजचा सामायिक असतो, ग्राहकाचा नसतो, आणि तिथे गेलेले कॉइन ग्राहकाच्या नावावर चढत नाहीत. नवा पत्ता लेखी मागा, तो आला की फोन करून शेवटची सहा अक्षरं ग्राहकाच्या तोंडून ऐका, मगच पाठवा.